मिड-इंजीन गाडी वळत नाही आणि मग एकदम फिरते: दोन्हीचं मूळ एकच

तुझा प्रश्न आधी इथे मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दर्यापूरकडच्या तुझ्या गावात तू दोन वर्षांपासून असेटो कोर्सा हा कॉम्प्युटरवरचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळतोस. टोयोटा जीटी८६ वर तुझा हात बसला होता. मग फेरारी ४५८ इटालिया ही मिड-इंजीन गाडी घेऊन इटलीतल्या मोन्झा ट्रॅकवर गेलास आणि गाडी ऐकेना. तिथे लेस्मो नावाची लागोपाठ दोन वळणं आहेत. पहिल्या लेस्मोत ती वळतच नाही, बाहेर वाहत जाते. दुसऱ्या लेस्मोत दर दोन-तीन लॅपला गरकन फिरते आणि तोंड आल्या दिशेला होतं. तू विचारलंस, ट्रॅक्शन कंट्रोल वाढवू का, कुणाचा सेटअप (गाडीची जुळवणी) घेऊ का, की ही गाडी खेळाच्या साध्या व्हीलवर चालवण्यासारखीच नाही?

व्हील पुरेसं आहे. सेटअपला सध्या हात लावू नको. ट्रॅक्शन कंट्रोलचा या गिरकीशी काही संबंध नाही, तो का नाही ते पुढे सांगतो. आणि भाऊ, तू ज्या दोन तक्रारी मांडल्यास ती एकच तक्रार आहे. गाडी वळत नाही म्हणून तू जे करतोस, त्यानंच ती फिरते.

मी अकोट तालुक्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. असेटो कोर्सा पूर्ण रूपात २०१४ च्या डिसेंबरात आला, तेव्हापासून रात्री जेवण झालं की मी त्यावर बसतो. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत लोखंडी अँगलची फ्रेम स्वतः वेल्डिंग करून उभी केली आहे, तिच्यावर भंगारातल्या एका गाडीचं सीट. इतक्या वर्षांत माझा निम्म्याहून जास्त वेळ मिड-इंजीन गाड्यांवर गेला, कारण मला त्याच सगळ्यात जास्त आवडतात. म्हणून जरा लांबण लागेल, वाचून घे.

काल रात्री लाईट आल्यावर तुझा रिप्ले चार वेळा पाहिला. पेडलचं अ‍ॅप स्क्रीनवर चालू ठेवलंस, म्हणजे कुठलं पेडल किती दाबलं ते पट्ट्यांत दिसतं, हे फार चांगलं केलंस, नाहीतर नुसती गिरकी पाहून कुणालाच काही सांगता येत नाही. सहावा लॅप घे. दुसरा लेस्मो उजवीकडे वळतो. तू त्यात शिरलास तेव्हा ब्रेक कधीच सोडून झाला होता, आणि वळणाच्या आतल्या टोकाला पोचायच्या आधीच अ‍ॅक्सिलरेटरची हिरवी पट्टी निम्म्याच्या वर गेली होती. गाडी आत येईना. डावीकडचा कर्ब (रस्त्याची कड) जवळ यायला लागला तसं तू स्टिअरिंग अजून उजवीकडे पिळलंस. तरी येईना, तर अजून पिळलंस. मग डावीकडचं गवत दिसलं आणि पाय झटकन वर आला. हिरवी पट्टी एका दमात शून्यावर. स्टिअरिंग मात्र जिथे पिळून धरलं होतंस तिथेच राहिलं.

तिथे मी रिप्ले थांबवला आणि अगदी हळू पुढे नेला. पाय उठला. गाडीचं नाक खाली बसलं. जी पुढची चाकं इतका वेळ नुसती घासत चालली होती त्यांनी एकदम रस्ता धरला, आणि ती वळलेली होती चांगली आडवी. नाक उजवीकडे तुटून पडलं, मागचा भाग डावीकडे सुटला. तू उलटं स्टिअरिंग दिलंस, पण तोवर गाडी अर्धी आडवी झाली होती. आठव्या आणि अकराव्या लॅपला हुबेहूब हेच. बाराव्यात तू वेळेवर सावरलंस, पण उलटं दिलेलं स्टिअरिंग परत आणायला उशीर झाला आणि गाडी डावीकडे फेकली गेली.

आता यामागे काय घडतं ते बघू. मिड-इंजीन म्हणजे इंजीन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे. पोर्शे ९११ चं इंजीन मागच्या आसाच्याही मागे लटकतं, तो प्रकार वेगळा, त्याच्या सवयी इथे लावू नको. ४५८ मध्ये साडेचार लिटरचं व्ही८ इंजीन आहे, ५७० हॉर्सपॉवर ९००० आरपीएमला. उभ्या गाडीत वजनाची वाटणी पुढे ४२ टक्के, मागे ५८ टक्के. मागचे टायर २९५ मिलिमीटर रुंद, पुढचे २३५. तुझ्या जीटी८६ मध्ये हीच वाटणी पुढे ५३, मागे ४७ आहे.

आपल्याकडे बंडी भरताना म्हातारी माणसं ती उलाळ होऊ देत नाहीत. कडब्याच्या पेंढ्या मागच्या बाजूला जास्त झाल्या की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही आणि मग बंडी त्यांच्या वळवण्याला नीट जुमानत नाही. धुरकरी अशा वेळी काय करतो? पुढे सरकून बसतो. तेवढ्यानं जू खाली येतं. ४५८ ही मुळातच किंचित उलाळ गाडी आहे. त्यात तू वळणाच्या मधोमध अ‍ॅक्सिलरेटर दाबलास की ती आणखी उलाळ होते. ट्रॅक्टरवालेही हे ओळखतात. हूकवर जास्त भार पडला की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरवलं तरी तो सरळच निघतो.

थोडा हिशेब मांडतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय हे पटत नाही. चालकासकट गाडी १५०० किलो धर. दोन आसांमधलं अंतर २६५ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आहे असं धरून चालू. उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ६३० किलो, मागच्यांवर ८७०. आता तू ०.४ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर) इतक्या जोरानं वेग वाढवतो आहेस. १५०० गुणिले ०.४ गुणिले ४५, भागिले २६५, म्हणजे साधारण १०० किलो भार पुढून मागे जातो. पुढे उरले ५३०, मागे झाले ९७०. गाडी वळत का नाही, याचं उत्तर हे ५३० किलो. इतक्या हलक्या तोंडानं ती कशी वळेल?

पाय झटकन उचललास की इंजीनच गाडीला मागे ओढतं. समज ०.२ जी. मग ५० किलो उलट दिशेनं येतात. पुढे ६८०, मागे ८२०. म्हणजे डोळ्यांची पापणी लवायच्या आत पुढच्या टायरवरचा भार जवळजवळ तीस टक्के वाढला आणि मागचा पंधरा-सोळा टक्के घटला. तेही अशा वेळी, जेव्हा पुढची चाकं गरजेपेक्षा कितीतरी जास्त वळवून ठेवलेली आहेत. गाडीनं तुझं म्हणणं ऐकलं एवढंच झालं. तू इतका वेळ ओरडून मागत होतास ते सगळं वळण तिनं एका झटक्यात दिलं.

जीटी८६ मध्येही भार असाच हलतो. मग ती का फिरत नव्हती? याला दोन-तीन कारणं आहेत, पण सगळ्यात मोठं कारण समजायला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याला जा. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला कावडी येतात. लांब बांबूच्या दोन टोकांना भरलेली भांडी असतील तर खांद्यावर ती कावड फिरवायला जोर लागतो, आणि फिरायला लागली तर सावकाश फिरते. तीच भांडी सरकवून खांद्याजवळ आणली तर वजन तेवढंच राहतं, पण कावड बोटानं फिरते. पुढे इंजीन आणि मागे डिफरन्शिअल अशी गाडी म्हणजे टोकांना भांडी असलेली कावड. मिड-इंजीन गाडीत इंजीन आणि चालक मधोमध गोळा झालेले असतात. म्हणून ती तुझ्या एका इशाऱ्यावर नाक फिरवते, आणि म्हणूनच ती सुटली तर सावरायला वेळ फार थोडा मिळतो. ज्यासाठी ती आवडते त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे, एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

दुसरं कारण तुझ्या सवयीत आहे. पुढे इंजीन असलेल्या गाडीत तोंड सरकायला लागलं की पाय उचलायचा, हे तुझ्या अंगात मुरलं आहे आणि तिथे ते चालून जात होतं. इथे तीच सवय नडते.

आता ट्रॅक्शन कंट्रोलचं. ते काय करतं? मागची चाकं जागच्या जागी जास्त फिरायला लागली की इंजीनची ताकद कमी करतं. तुझ्या चारही गिरक्यांच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर शून्यावर होता. जिथे ताकदच दिलेली नाही तिथे ते काय कमी करणार? कमाल पातळीला ठेवलंस तरी दुसऱ्या लेस्मोत तू असाच फिरशील. खेळातलं स्टॅबिलिटी कंट्रोल मात्र गिरकी थांबवतं, कारण ते गाडीला बाहेरून हात लावून सरळ करतं. खऱ्या गाडीत तसा हात नसतो. तू ते किती टक्क्यांवर ठेवलं आहेस ते लिहिलं नाहीस. असेल तर दर आठवड्याला दहा टक्के उतरव, एकदम बंद करू नको.

मग ही गाडी वळवायची कशानं? ब्रेक सोडण्यानं. सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून इथे सावकाश वाच.

सरळ रस्त्यावर तू पूर्ण ब्रेक दाबतोस, १ जी धर. वरच्याच हिशेबानं २५५ किलो पुढे जातात. पुढे ८८५, मागे ६१५. म्हणजे ५९ आणि ४१ टक्के. मागे वजन असलेली गाडी ब्रेकवर पुढे जड झाली, तरीही मागच्या चाकांवर एक्केचाळीस टक्के उरले. तेवढ्याच ब्रेकवर जीटी८६ ची मागची चाकं तीस टक्क्यांच्या आसपास येतात. म्हणून मिड-इंजीन गाडी थांबते फार छान, चारही टायर कामाला लागतात. तू मात्र ब्रेक सरळ रस्त्यावरच पूर्ण सोडून देतोस, मग थोडा वेळ काहीच न करता गाडी वाहू देतोस आणि त्यानंतर स्टिअरिंग फिरवतोस. तोवर नाक पुन्हा वर आलेलं असतं. धुरकरी पुढे सरकून बसला होता, बंडी वळायच्या ऐन वेळी तू त्याला मागे बसवलंस.

करायचं असं. लेस्मोच्या आधी ब्रेक आता दाबतोस तिथेच दाब, तेवढाच दाब. पण स्टिअरिंग फिरवायला लागतोस त्या क्षणी पेडलवर अजून काही भार असला पाहिजे. समज पंचवीस-तीस टक्के. जसजसं स्टिअरिंग वळत जाईल तसतसा पाय वर येत जाईल, आणि वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकाजवळ तो पूर्ण सुटेल. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून सरकू देतो तसा हा पाय सरकू द्यायचा. दोर एकदम सोडला तर बादली आपटते. टायरची पकड एकच आहे. ती ब्रेकला देशील तेवढी वळायला कमी उरते, म्हणून जास्त वळताना जास्त ब्रेक ठेवायचा नाही. पण शेवटचा तो दहा टक्के ब्रेक थांबण्यासाठी नसतोच. तो नाक खाली धरून ठेवण्यासाठी असतो.

उलट टोकाची चूकही होते. पंचवीसच्या जागी पन्नास टक्के ब्रेक ठेवून आत शिरलास तर मागची चाकं हलकी असताना गाडी वळते आणि ब्रेकवरच फिरते. ही गिरकी वेगळी, वळणाच्या तोंडाशीच होते. ती आली तर ब्रेक लवकर कमी कर. दोन्ही गिरक्यांत फरक ओळखायला शीक. कुठे फिरली आणि तेव्हा पाय कुठे होता, एवढं पाहिलं की कळतं. गिअरचीही गोम आहे. तू चौथ्या लॅपला घाईत दुसरा गिअर पाडलास, तेव्हा इंजीननं मागच्या चाकांना असं धरलं की हँडब्रेक ओढल्यासारखं झालं. दुसऱ्या लेस्मोला तिसरा गिअर ठेव. आरपीएम कमी वाटले तरी चालतील.

आतल्या टोकापासून पुढे अ‍ॅक्सिलरेटर. तिथे घाई फार महागात पडते. आधी पाव पाय, एवढाच की गाडी ना ओढली जाईल ना रोखली जाईल. मग स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की त्याच मापानं पाय खाली. स्टिअरिंग अजून वळलेलंच असेल आणि पाय निम्म्यावर असेल तर तू पुन्हा त्या ५३० किलोंच्या हिशेबात आहेस.

आणि समजा चूक झालीच, गाडी बाहेर चालली आहे, गवत येतंय. तेव्हा आधी स्टिअरिंग थोडं सरळ कर. मनाविरुद्ध आहे, पण कर. घासणारी चाकं थोडी सरळ केली की पकड परत येते. मग पाय निम्म्यापर्यंत उतरव, शून्यावर नको. तरी जागा पुरली नाही तर डावी दोन चाकं बाहेर जाऊ दे, स्टिअरिंग सरळ धरून. लॅप बाद होईल, गाडी फिरणार नाही. मागचा भाग सुटलाच तर उलटं स्टिअरिंग ताबडतोब द्यायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर जरासा, दहा-पंधरा टक्के, द्यायचा. त्यानं भार मागे जातो आणि मागचे रुंद टायर पुन्हा बसतात. आणि गाडी परत फिरायला लागली की हात तिच्या आधी सरळ झाले पाहिजेत. बाराव्या लॅपला तू पहिला झटका सावरला होतास, दुसऱ्या झटक्यात गेलास. या गाड्यांत बहुतेक वेळा दुसरा झटकाच घात करतो.

मागे अशीच एक गोष्ट खऱ्या रस्त्यावरही घडून गेली आहे. १९८९ ला आलेल्या टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या एमआर२ या मिड-इंजीन गाडीचं वळणात पाय उचलला की एकदम फिरण्याबद्दल नाव झालं होतं. नंतर टोयोटानं मागचं सस्पेन्शन आणि टायर बदलले. उलट १९९० ची होंडा एनएसएक्स, जिच्या घडणीत फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेनानं जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर चालवून सूचना दिल्या, ती मिड-इंजीन असूनही शांत गाडी म्हणून ओळखली गेली. म्हणजे मांडणी एकच असली तरी स्वभावात अंतर पडतं, हे ध्यानात ठेव. ४५८ त्यातली समजूतदार गाडी आहे. फेरारी एफ४० घेऊन बसशील तेव्हा कळेल. १९८७ ची, दोन टर्बो, ना एबीएस, ना ट्रॅक्शन कंट्रोल. टर्बो जागा होईपर्यंत काहीच नाही आणि मग सगळं एकदम. तिला सध्या हात लावू नको.

रेसिंगमध्ये सगळे याच मांडणीकडे का वळले, हेही तुला कधीतरी पडलेला प्रश्न असेल. बैल बंडीच्या पुढेच असतात, अशा अर्थाचं फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचं मत सांगितलं जातं. इंजीन पुढे पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पण १९५८ मध्ये अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसनं चालकाच्या मागे इंजीन असलेली छोटीशी कूपर गाडी घेऊन फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम कूपरवरच जगज्जेता झाला, आणि १९६१ मध्ये खुद्द फेरारीच्या मागे इंजीन असलेल्या १५६ वर फिल हिलनं जगज्जेतेपद घेतलं. ताकद कमी असलेली कूपर वळणात जिंकत होती, आणि ती का, ते कावडीच्या हिशेबात आलंच आहे.

आता हात आणि कान. खऱ्या गाडीत मागचा भाग सुटायला लागला की आधी कंबरेला कळतं. खेळात कंबर मुकी आहे. त्यात या गाडीत तुझं सीट पुढे सरकलेलं, म्हणून मागचं घसरणं डोळ्यालाही उशिरा दिसतं. उरतात हात आणि कान. पुढची चाकं घासायला लागली की व्हील हातात हलकं पडतं, ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरचं पडतं तसं. हलकं पडलं म्हणजे अजून पिळायचं नाही, ती खूण आहे थांबायची. तुला ही खूण मिळत नसावी, कारण पेडलच्या अ‍ॅपमधली फोर्स फीडबॅकची (व्हील हाताला जो जोर देतं त्याची) करडी पट्टी तुझ्या रिप्लेत सारखी लाल होत होती. लाल म्हणजे व्हील त्याच्या कमाल जोरावर आहे, पुढचं काही सांगूच शकत नाही. गेन, म्हणजे या जोराचं प्रमाण, उतरव, लांब वळणात पट्टी अधूनमधूनच लाल व्हावी इतका. व्हील हलकं वाटेल, पण बोलायला लागेल. आणि घट्ट मूठ करून धरू नको. मागचा भाग सुटला की व्हील आपणहून उलट्या दिशेला पळतं, त्याला पळू द्यायचं आणि आपण फक्त कुठे थांबायचं ते सांगायचं. कानाचं म्हणशील तर संगीत बंद, इंजीनचा आवाज थोडा कमी, टायरचा जास्त ठेव. नुसती कुरकुर ऐकू येते तोवर टायर काम करतो आहे. किंचाळला की संपलं.

आपल्याकडच्या मे महिन्यात एक गोष्ट फार छळते, घाम. हात सरकला की पंधरा अंशांचा फरक पडतो. मी कूलर मागून न लावता बाजूनं लावतो आणि पातळ सुती हातमोजे घालतो. लाईटचा भरवसा नसेल तर कॉम्प्युटर यूपीएसवर घेच. लॅपच्या मध्ये बंद पडण्याचं दुःख वेगळं, पण अशा बंद पडण्यानं माझी एक हार्ड डिस्क गेली आणि पाच वर्षांचे रिप्ले गेले.

सेटअपचं दोन ओळींत. शोरूमच्या गाडीत बदलण्यासारखं फार नसतं. पुढे जीटी३ या शर्यतीच्या गाड्यांवर गेलास की ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) एक-दोन टक्के पुढे आणि मागच्या चाकांचा टो-इन (चाकांची तोंडं किंचित आत वळलेली असणं) थोडा जास्त, एवढ्यानं गाडी बरीच शांत होते. पण पायाची चूक सेटअपनं झाकलीस तर गाडी जन्मभर बाहेर वाहत राहील आणि तुला वाटेल गाडीच अशी आहे.

सराव कसा करशील ते सांगतो. महिनाभर ४५८ बाजूला ठेव. लोटस एलिस एससी घे. तीही मिड-इंजीनच, पण ताकद २२० हॉर्सपॉवरच्या आसपास आणि वजन फार कमी. ट्रॅक माजोने, अडीच किलोमीटरचा. लांबच लांब सरळ रस्ता नाही, म्हणून तेच वळण पुन्हा पुन्हा लवकर येतं. पहिले चार-पाच दिवस वेळेकडे पाहू नको, लॅप टाइम दाखवणारं अ‍ॅपच बंद कर. रोज वीस लॅप मुद्दाम सावकाश, आणि त्यात फक्त एवढंच बघायचं की ब्रेकची लाल पट्टी वळणात कशी उतरते. एकदम कोसळते की उतारासारखी येते?

त्यानंतर एक दिवस मुद्दाम गाडी फिरव. एकच वळण घे, ठरलेल्या वेगानं शिर, निम्मा अ‍ॅक्सिलरेटर, स्टिअरिंग पिळ आणि पाय झटकन उचल. गाडी कशी सुटते ते वीस-पंचवीस वेळा बघ. मग तेच करताना पाय उचलायच्या आधी स्टिअरिंग थोडं सरळ कर. फरक स्वतःच्या हातांनी कळेल. मी हे २०१५ च्या उन्हाळ्यात एलिसवरच केलं होतं. तिसऱ्या रात्री पहिल्यांदा असं झालं की मागचा भाग निघाला आणि मला कळायच्या आधी हात सरळ होऊन परत आले होते. त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

मग ४५८ घेऊन परत मोन्झाला जा. पहिला लॅप टायर थंड असतात, तो मोजू नको. पहिल्या लेस्मोपासून सुरुवात कर, दुसऱ्यापासून नाही. पहिल्यात ब्रेकवर शिरायचा अंदाज बसला की दुसरा आपोआप सोपा वाटेल, फक्त तो जरा अरुंद वाटतो म्हणून हात घाई करतात. असकारी आणि शेवटची पॅराबोलिका ही पुढची वळणं तेव्हाच बघू. पॅराबोलिकाला २०२१ पासून मिकेले अल्बोरेटो या इटालियन रेसिंग चालकाचं नाव दिलं आहे. लांबलचक वळण आहे, आत गेल्यावर त्रिज्या वाढत जाते, आणि पाव पायानं थांबून राहायचा धीर तिथे खरा लागतो. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

नवा रिप्ले पाठवशील तेव्हा पेडलचं अ‍ॅप असंच चालू ठेव, आणि सोबत स्टॅबिलिटी कंट्रोल किती टक्क्यांवर आहे, फोर्स फीडबॅकचा गेन किती केलास, आणि ब्रेक गॅमाचा (पेडल किती दाबलं की ब्रेक किती लागतो ते ठरवणारा) आकडा काय आहे, एवढं लिही. या आठवड्यात आमच्याकडे रात्री दहानंतर लाईट राहते, तेव्हा बघून लगेच कळवतो.